चैत्रातल्या ओटीत बियाची एक पुडी पण घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाडवा तोंडावर आलाय म्हणून हे पत्र जरा घाईनं लिहितेय, कारण मला जे सांगायचंय त्याला एकच महिना मिळतो, चैत्राच्या तृतीयेला गौर बसते तिथपासून अक्षय तृतीयेपर्यंत. आपल्याकडं या महिन्यात घरोघर हळदीकुंकू असतं, कैरीची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी आणि ओटीत भिजवलेले हरभरे. माझं म्हणणं एवढंच आहे की यावर्षीपासून त्या हरभऱ्यांबरोबर घरच्या भाजीच्या बियाची एक छोटी पुडी द्यायला सुरुवात करूया. दुधीचं, गवारीचं, वांग्याचं, जे ज्याच्याकडं असेल ते. आणि अक्षय तृतीयेला तर आळी करून वेलाचं बी टोकायची जुनी पद्धत आहेच, म्हणजे महिनाभर बी गोळा होईल आणि शेवटच्या दिवशी ते मातीत जाईल. मला हे का एवढं वाटतं ते सविस्तर लिहिते, पत्र लांबेल, पण जमलं तर काटछाट न करता छापा.

मी सांगलीत गावभागात राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून. घर जुनं आहे, मागं लहानसं परस आहे आणि नदी लांब नाही. फेब्रुवारी संपून मार्च लागला की इथं कसं असतं ते तुमच्या वाचकांना सांगायला नको, पहाटे गारवा असतो आणि दहा वाजता डोक्यावर पदर घ्यावा लागतो, मार्केट यार्डाकडं हळदीचा वास सुटलेला असतो, तासगाव मिरजेकडं द्राक्षाची आणि बेदाण्याची गडबड, कडुनिंबाला तांबूस पालवी. याच दिवसात उन्हाळी भाजीचं बी घालायचं. दुधी दोडका कारलं काकडी डायरेक्ट आळ्यात टोकायची कारण या वेलांना मुळं हलवलेली सोसत नाहीत, भेंडी गवार पण जागेवरच, आणि वांगी टोमॅटो मिरचीचं आधी रोप करायचं. सासूबाई गादीवाफ्यावर करायच्या, मी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत घालून करते, बाकी फरक काही नाही.

माझी भाची कॅनडात असते. तिच्याकडं मार्चमध्ये खिडकीबाहेर बर्फ असतो आणि ती घरात खिडकीशी टोमॅटोचं बी घालते, कारण रोप तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि बाहेर लावायचं ते रात्रीचं गोठणं थांबल्यावरच, तिकडं मे महिन्याच्या शेवटाकडं व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते त्या सुमाराला लोक रोपं बाहेर लावतात. त्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ रोपं बाहेर ठेवून त्यांना वाऱ्याची उन्हाची सवय करतात म्हणे. आमच्याकडं सगळं उलट, आम्हाला रोप उन्हापासून वाचवायचंय, वर हिरवी शेडनेट नाहीतर जुनी सुती साडी बांधायची. पण आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर एकमेकींना ट्रे दाखवतो तेव्हा दोघींच्या ट्रेत दिसायला काहीच नसतं, नुसती ओली माती, तरी आम्ही दाखवतो आणि तरी बघतो, आणि ती एवढ्या थंडीत एकटी राहते तर मला त्या मोकळ्या ट्रेकडं बघून तिची काळजी जरा कमी वाटते.

मिरचीचं बी सगळ्यात जास्त वाट बघायला लावतं. पंचवीस-तीस डिग्रीची ऊब मिळाली तर आठ-दहा दिवसात वर येतं, रात्री गार असल्या तर दोन आठवडे, कधी त्याहून जास्त पण. टोमॅटो आठवड्यात येतो. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात ठेवलं तर लवकर येतं, कारल्याच्या बियाचं कवच जाड असतं म्हणून ते दिवसभर भिजवून टोकाकडं नेलकटरनं हलकंसं टवकायचं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. मग वाट बघायची. या दिवसात करायचं काम फार थोडं असतं पण ते रोज करावं लागतं, सकाळी झारीनं हलकं पाणी, माती ओलसर राहिली पाहिजे आणि चिखल होता कामा नये, कारण पाणी जास्त झालं, बी दाट पडलं की रोप वर येऊन सुद्धा मातीलगत देठ मऊ पडून आडवं होतं. रोपांची मर म्हणतात त्याला, मातीतल्या बुरशीमुळं होते. मुंग्या बी ओढून नेतात म्हणून ट्रेभोवती राखेची आणि हळदीची रेघ ओढायची, खारी कोवळे कोंब कुरतडतात म्हणून जाळी टाकायची. आणि काय वाट्टेल ते झालं तरी उकरून बघायचं नाही, सासूबाईंनी मला पहिल्या वर्षीच सांगितलेलं, कारण बियातून आधी मूळ खाली जातं, पांढरं, दोऱ्याएवढं, आणि वर काहीच दिसत नसताना खाली ते काम चालू असतं, उकरलं की नेमकं तेच तुटतं.

मी माझ्या सुनेला हे सांगत होते तर ती म्हणाली की आई, एवढं वाट बघून आलं नाही तर वाईट नाही वाटत का. वाटतं की. पण त्याबद्दल एक गोष्ट मला फार धीर देते. बियाच्या पाकिटावर उगवणशक्ती छापलेली असते, कमीत कमी किती टक्के. ठरवून दिलेलं प्रमाण मिरचीला ६० टक्के, दुधी दोडक्यासारख्या वेलांना ६०, भेंडीला ६५, वांगी आणि टोमॅटोला ७०. म्हणजे मिरचीच्या शंभर बिया टाकल्या आणि त्यातल्या चाळीस आल्याच नाहीत तरी ते बी चांगलंच. ज्यांनी आयुष्यभर बियाण्याचा अभ्यास केला त्यांनी हा आकडा ठरवलाय, त्यात कुठं निराशा नाही आणि खोटा दिलासा पण नाही. आपण आशा ठेवा आशा ठेवा म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात शंभरातले शंभर असतात आणि मग पाच कमी आले तरी आपण बसून जातो. बी लावणारं माणूस असं करत नाही, ते एका कप्प्यात दोन बिया टाकतं. दोन्ही आल्या तर एक काढून टाकायची, विरळणी, ती मला अजूनही जड जाते पण करावी लागते. घरच्या बियाला पाकीट नसतं तर त्याचं पण बघता येतं, वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि किती मोडावल्या ते मोजायचं, निम्म्या आल्या तर दुप्पट टाकायचं. नवरात्रात घटाच्या मातीत आपण धान्य पेरतो ते पण उगवण बघायलाच असं जुनी माणसं सांगायची.

आता मुख्य गोष्ट. २०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक, जिथं आपण रोज भाजी घेतो तिथं बोटी फिरत होत्या. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली ती याच दिवसात, त्या घरांपुढं आमचं नुकसान काहीच नाही हे मी आधीच सांगते. आम्ही मिरजेला पाहुण्यांकडं होतो. पाणी उतरल्यावर आलो तर घरात पोटरीएवढा गाळ, भिंती अर्ध्याच्या वर ओल्या, वास तर असा की आजही पावसाळ्यात कधी ओल आली की तो आठवतो. स्वयंपाकघरातल्या फडताळात सासूबाईंचं बी असायचं, पत्र्याच्या डब्यात, राखेत घोळवून कापडाच्या पुरचुंड्या बांधलेलं. कृष्णाकाठच्या काटेरी वांग्याचं, एका आखूड जाड दुधीचं, गवारीचं, घेवड्याचं. त्यांच्या सासूबाईंकडून आलेलं त्यांच्याकडं. गवारीचं बी डब्यातच मोड येऊन कुजलं होतं, वांग्याचा तर काळा चिखल. सासूबाई ते डबे मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या आणि खूप वेळ काही बोलल्याच नाहीत. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, त्याचे पंचनामे झाले, बियाचा पंचनामा कोण करणार आणि किंमत काय सांगणार.

त्याच वर्षी दिवाळीत माझी आटपाडीची नणंद भाऊबीजेला आली, तर तिच्या पिशवीत चिवडा लाडवांच्या खाली वहीच्या कागदाच्या पुड्या. दुधी, गवार, वांगी, घेवडा, प्रत्येकीवर आईचं नाव. लग्न झाल्यापासून ती माहेरी आली की जाताना बी घेऊन जायची, तिच्याकडं दुष्काळ, पाणी नसलं की बियासाठी झाड राखता यायचं नाही, म्हणून परत इथून न्यायची. आम्हाला त्याचं कधी काही विशेष वाटलं नाही, लेकीनं माहेरचं काहीबाही न्यावं तसं ती नेतेय असंच वाटायचं. एकाच जिल्ह्यात आम्ही पाण्यात बुडालो होतो आणि पूर्वेला लोक पावसाची वाट बघत होते, आणि आमचं बी वाचलं ते त्या कोरड्या बाजूला होतं म्हणून वाचलं. सासूबाई डबे बघून रडल्या नव्हत्या, त्या पुड्या बघून रडल्या.

त्यानंतरचा पाडवा आठवतोय ना, २५ मार्च २०२०, त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन लागला. आणि आपल्या जिल्ह्यात इस्लामपूरला कोरोनाचे पेशंट सापडलेले, रोज टीव्हीवर सांगलीचं नाव, आधी पूर आणि आता हे, रस्त्यावर माणूस नाही. गुढी उभी केली, नैवेद्य दाखवला, आणि दुपारी आम्ही सासू-सून परसात बसून ते आटपाडीचं बी घातलं. भीती होतीच, आणि पुरानं आलेला गाळ अजून परसात तसाच होता, वाळून भेगा पडलेला, तोच फोडून त्यात शेणखत मिसळलं. वांग्याचं बी निम्म्याहून कमी आलं. पण आलं. त्या पहिल्या झाडांची सगळीच वांगी खाल्ली नाहीत, जी चांगली वाटली ती पिवळी पडेपर्यंत झाडावरच राखली, बियासाठी. मग कापून पाण्यात चोळली, भरीव बी खाली बसतं, पोकळ वर तरंगतं, खालचं घेऊन सावलीत वाळवलं. दुधी तर वेलावरच वाळू दिला, हलवला की आत बी वाजायला लागतं तेव्हा काढायचा.

आणि त्या वर्षी सासूबाईंनी एक केलं. सगळं बी घरात ठेवलं नाही. निम्मं आटपाडीला परत, थोडं विश्रामबागला माझ्या मैत्रिणीकडं, थोडं कुपवाडला भाच्याकडं, ज्यांच्याकडं पुराचं पाणी येत नाही अशांकडं. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या जुलैत परत पूर आला. परत गाळ, परत ओल्या भिंती. बी आम्ही निघताना सोबत घेतलं होतंच, पण घेतलं नसतं तरी चाललं असतं, हे माहीत असल्यामुळं त्या वेळी निघताना मन जेवढं शांत होतं तेवढं पहिल्या पुरात नव्हतं. सासूबाई आता नाहीत. त्यांच्या दुधीचा वेल या क्षणी किती अंगणात आहे ते मला खरंच माहीत नाही आणि मला तेच बरं वाटतं.

हे काही आमच्या घरचंच शहाणपण आहे असं नाही. नॉर्वेच्या पार उत्तरेला स्वालबार्ड नावाची बेटं आहेत, तिथं डोंगरात २००८ साली जगभरातल्या बियांसाठी कोठार बांधलं, थंडगार, ज्या देशाला वाटेल त्यानं आपल्या बियाचा एक वाटा तिथं ठेवायचा. तर तिथून पहिल्यांदा बी परत काढावं लागलं ते २०१५ मध्ये, सीरियातल्या युद्धामुळं. अलेप्पोजवळ कोरडवाहू शेतीची मोठी संशोधन संस्था होती, गहू, बार्ली, मसूर, हरभरा यांचं हजारो प्रकारचं बी तिच्याकडं, युद्धात तिथं काम करणं अशक्य झालं. पण त्यांनी आधीच बियाचा दुसरा भाग लांब पाठवून ठेवला होता. ते परत आणलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरलं, वाढवलं, आणि २०१७ मध्ये नवीन आलेलं बी परत स्वालबार्डला ठेवायला पाठवलं. मी हे वाचलं तेव्हा मला आमची नणंद आठवली. आपल्या महाराष्ट्रात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी, गावठी बी जपायचं आणि वाटायचं. त्यांना आपण बीजमाता म्हणतो आणि टाळ्या वाजवतो, आणि आपल्या स्वयंपाकघरात मात्र एका पण भाजीचं बी नसतं.

बी नुसतं जपून ठेवून पण चालत नाही हे इथं सांगायला पाहिजे. बी जिवंत असतं आणि ते म्हातारं होतं. कांद्याचं बी वर्षभरात जातं, भेंडी मिरचीचं दोन वर्षं धरा, वांगी टोमॅटो काकडी दुधीचं नीट कोरडं ठेवलं तर चार वर्षं, त्यानंतर उगवण झपाट्यानं कमी होते. म्हणजे आजीच्या हातची आठवण म्हणून डबा बंद करून ठेवला तर काही वर्षांनी त्यात फक्त आठवण राहते. दर दोन वर्षांनी ते पेरावंच लागतं, नवं करून घ्यावं लागतं, आणि पेरलेलं वाया जाऊ शकतं म्हणून थोडं दुसऱ्याकडं असावं लागतं. मला वाटतं बाकीच्या आशेचं पण असंच आहे, मनात धरून बसलं की ती टिकतेय असं आपल्याला वाटतं, पण टिकत नाही, ती दरवर्षी कुठंतरी कामाला लावावी लागते.

आता पुडी द्यायची म्हणजे काय द्यायचं, कारण एक-दोघींनी विचारलं की दुकानातल्या पाकिटाचं भाजीचं बी परत धरलं तर चालतं का. पाकिटावर हायब्रीड किंवा संकरित लिहिलेलं असेल तर त्याचं धरलेलं बी देऊ नका, ते पहिल्या पिढीचं असतं, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, कुठलं कसं निघेल सांगता येत नाही. गावठी वाण किंवा विद्यापीठांचे, संशोधन संस्थांचे सरळ वाण (संकरित नसलेले) असतील ते द्या, जसं गवारीची पुसा नवबहार, भेंडीची परभणी क्रांती. टोमॅटो गवार घेवड्याचं परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलात होतं म्हणून त्यांचं बी धरायला सोपं. वेलांचं मात्र मधमाश्या, पतंग असे कीटक करतात, शेजारी दुसऱ्या जातीचा दुधी असेल तर मिसळ होते. दुधीची दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तर उद्या उमलणारी मादी कळी (जिच्या मागं बारीक दुधी असतो ती) आणि नर कळी आदल्या दिवशीच दोऱ्यानं बांधून ठेवायची, उमलायच्या वेळी नर फूल मादीवर हलकं घासायचं आणि परत बांधायचं, तेवढा एक दुधी बियासाठी राखायचा. लहान पोरं हे फार आवडीनं करतात. पुडीवर लिहा: कशाचं बी, कुठल्या वर्षी धरलं, कुणाच्या घरचं, कधी टोकायचं. नाव नसलेल्या पुड्या वर्षभरानं कुणी पेरत नाही. प्लास्टिकची पिशवी नको, कागद बरा, आणि बी दाताखाली धरलं तर कट्कन मोडलं पाहिजे एवढं वाळलेलं असावं. दुकानाच्या पाकिटातलं रंगीत बी असेल तर त्याला औषध लावलेलं असतं, ते तोंडात घालायचं नाही आणि मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही.

कुणी म्हणेल नर्सरीत एक-दोन रुपयाला रोप मिळतं, एवढा खटाटोप कशाला. रोप घ्या की, मी पण कधी कधी घेते, नर्सरीवाले मेहनतीनं करतात. पण विकत घेतलेलं रोप लावताना तुमची वाट बघून झालेली नसते. घरात आजारपण असलेल्या, पोरं लांब गेलेल्या, नवरा गेलेल्या कितीतरी बायका माझ्या ओळखीत आहेत, त्यांना मी रोप देत नाही, बी देते, आणि महिन्याभरानं त्या स्वतःहून फोन करून सांगतात की दोन पानं आली, बियाचं टरफल अजून पानाच्या टोकाला आहे. तो फोन मला फार मोलाचा वाटतो. जागा नसेल तर रंगाच्या रिकाम्या बादलीला भोकं पाडून भेंडी मिरची येते, फ्लॅटच्या गॅलरीत सुद्धा, चार-पाच तास ऊन मिळालं तर.

पण एक गोष्ट मला ठासून सांगायचीय. आम्ही परसात बी लावणाऱ्यांनी आशेच्या गोष्टी शेतकऱ्याला ऐकवू नयेत. आमचं बी आलं नाही तर आम्ही मंडईत जातो, त्याचं आलं नाही तर त्याचा हंगाम जातो, कर्ज राहतं. बोगस बियाणं विकून कुणी त्याला फसवलं तर तिथं धीर धरा म्हणणं चुकीचं आहे, तिथं तक्रार करायला मदत केली पाहिजे. पावती, पिशवीवरचं लेबल आणि थोडं बी शिल्लक ठेवायचं, उगवण झाली नाही तर लगेच पंचायत समितीच्या कृषी विभागाकडं लेखी तक्रार द्यायची, तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते. लेबलवर उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख असते, ती विकत घेतानाच वाचायची, चाचणीपासून नऊ महिने ते लेबल धरायचं. आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा आणि विकायचा पण हक्क दिलाय, फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही, त्यांना वाटतं कंपनीचं म्हणजे बी आणि घरचं म्हणजे कायतरी बेकायदेशीर. तुमच्या पेपरानं हे मोठ्या अक्षरात छापावं अशी विनंती आहे, पाडव्याच्या पुरवणीत सोन्याच्या आणि गाड्यांच्या जाहिराती असतात त्यात एक चौकट याला द्या.

आणि दुसरी विनंती महिला मंडळांना आणि भिशीच्या ग्रुपना. यावर्षी हळदीकुंकवाला नदीकाठच्या बायकांनी जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या पाहुण्यांना आवर्जून बी द्या आणि त्यांच्याकडचं मागून घ्या. वाळवा, शिरोळकडच्यांनी पण, तिकडं पण पुराचं पाणी येतं. तुमच्या लेकी लग्न होऊन सोलापूर, विजापूर, पुणे कुठं कुठं गेल्यात, त्यांना लोणच्याच्या बरणीबरोबर एक पुडी द्या, त्या आज नाही लावणार कदाचित, पण त्यांच्याकडं असू दे.

यंदा माझ्याकडं दुधीचं आणि गवारीचं बी भरपूर आहे, घेवड्याचं बेताचं, वांग्याचं कमी आहे म्हणून ते ज्यांना पुढं बी धरून दुसऱ्याला द्यायचंय त्यांनाच देणार आहे. आमच्या गल्लीत तृतीयेनंतरच्या शुक्रवारी हळदीकुंकू आहे, त्यात पुड्या असतील. पत्र छापणार असाल तर कृपया पाडव्याच्या आधी छापा, कारण बायकांना डबे उघडून बी निवडायला आणि ओल्या फडक्यात उगवण बघायला आठवडा तरी लागेल, आणि चैत्र अर्धा सरला की ऊन चाळीसकडं जातं, मग टोकलेल्या आळ्यांना दोन वेळा पाणी घालावं लागतं आणि ते सगळ्यांच्याकडं नसतं.

आपली,
एक वाचक
गावभाग, सांगली